समुपदेशन कक्ष मिळाला, समुपदेशक मिळायला सव्वा वर्ष गेलं

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या मुलांच्या शाळेत समुपदेशन कक्षाचं उद्घाटन झालं. एक रिकामा वर्ग होता, त्याला फिकट निळा रंग दिला, चार नवीन खुर्च्या, एक गोल टेबल, एक कपाट, दारावर पाटी. आमदार साहेब स्वतः आले होते, फीत कापली, भाषणात म्हणाले की पालकांनी मागणी केली आणि आम्ही शब्द पाळला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या, कारण खरंच वाटलं होतं की काम झालं.

जानेवारीत मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. शिपाई मामांना म्हटलं जरा उघडून दाखवा, तर खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं आणि गोल टेबलावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले. चार महिन्यांत त्या खोलीत एकही मूल बसलं नव्हतं, कारण बसून कोणाशी बोलणार, माणूसच नेमलेला नव्हता. मला त्या क्षणी आमदारांचा राग नाही आला. आम्ही जे मागितलं होतं ते त्यांनी दिलं होतं, मागण्यातच आमचं चुकलं होतं, आणि ते नेमकं कुठे चुकलं हे कळायला पुढचे कितीतरी महिने गेले. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण आमच्यासारखे पालक ठिकठिकाणी निवेदनं घेऊन फिरत असतात आणि बहुतेकांना शेवटी खोली नाहीतर फलक मिळतो.

थोडं मागचं सांगते. माझा मुलगा आठवीत असताना रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. रोज म्हणजे शाळेच्या दिवशी रोज, रविवारी नाही. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. बालरोगतज्ज्ञांनी शेवटी सांगितलं की पोटात काही नाही, कोणीतरी याच्याशी नीट बोलायला हवं. बोलणारी व्यक्ती जिल्ह्याच्या ठिकाणी, बसने जायला दोन तास, यायला दोन तास, म्हणजे प्रत्येक वेळी माझी एक सुट्टी आणि त्याचा शाळेचा एक दिवस जायचा, आणि ज्या मुलाला शाळेत जायचीच भीती बसलीय त्याचा अजून एक दिवस बुडवून आपण उपचार करतोय हे मला दर वेळी खटकायचं. पालकसभेत मी हे सगळ्यांसमोर बोलले नाही, सभा संपल्यावर गेटपाशी दोघीतिघींना सांगितलं, तर त्यातल्या दोघींच्या घरी हेच चालू होतं. पुढच्या महिनाभरात आम्ही नऊ घरं झालो.

जून २०२४ मध्ये आम्ही आमदारांच्या जनता दरबारात गेलो. जिल्हा परिषदेवर तेव्हा प्रशासक होता, निवडणुकाच झालेल्या नव्हत्या, त्यामुळे आपला निवडून दिलेला माणूस म्हणून जायचं तर आमदारच. नऊ घरांचे, शेजारपाजारचे, शिक्षक असे तीसएक जण गेलो. निवेदनात अकरा मागण्या होत्या: समुपदेशक हवा, समुपदेशन कक्ष हवा, मोबाईलच्या व्यसनावर व्याख्यानं हवीत, परीक्षेचा ताण कमी करा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या, मैदान दुरुस्त करा, असं सुचेल ते लिहिलं होतं. साहेबांनी कागद वरून खालपर्यंत पाहिला, "विषय खूप महत्त्वाचा आहे" म्हणाले, फोटो झाला. अकरा मागण्यांतून त्यांनी त्यांना करता येण्यासारखी एक उचलली, ती म्हणजे कक्ष. नंतर त्यांच्या स्वीय सहायकांनी मला समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमदार निधी कशाला, तर बांधकामाला, दुरुस्तीला, वस्तूंना. त्यातून दर महिन्याचा पगार देता येत नाही. म्हणजे आमदाराच्या हातात खोली लगेच असते, पण त्या खोलीत बसणारा माणूस वेगळ्याच ठिकाणाहून येतो, आणि ते ठिकाण कुठलं हे आम्ही शोधलंच नव्हतं.

पण त्या दिवशी याहून वाईट एक गोष्ट झाली आणि ती लिहिताना अजूनही हात थांबतो. आमच्यातल्या एका आईने दरबारात उभं राहून आपल्या मुलीची सगळी हकीकत सांगितली, नाव घेऊन, वर्ग सांगून, रात्री झोप लागत नाही, हाताला ओरखडे काढते, सगळं. तिला वाटलं खरं सांगितलं की साहेबांना पाझर फुटेल, आणि आम्हीच तिला म्हटलं होतं की तू बोल, तुझं ऐकून त्यांना कळेल. कोणीतरी मोबाईलवर शूट केलं. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या ग्रुपवर होतं, दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांकडे. ती मुलगी नंतर दीड महिना शाळेत आली नाही आणि आली तेव्हा मधल्या सुट्टीत एकटी बसायची. आता ती मामाकडे राहते, तिकडच्या शाळेत जाते. तिच्या आईने आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही तो घेतलेला आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आजारी व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांत देऊ नये असं कलम २४ सांगतं. हे आम्ही नंतर वाचलं. कायदा नसता तरी हे आम्हाला कळायला हवं होतं. त्यानंतर आमच्या गटात एक नियम झाला तो आजपर्यंत मोडलेला नाही: मुलाची गोष्ट मुलाची, ती कोणीही कोणत्याही साहेबांसमोर सांगायची नाही, नाव नाही, वर्ग नाही, फोटो तर नाहीच. सांगायची असेल तर आपली सांगायची. माझी सकाळ कशी जाते, मी किती सुट्ट्या काढल्या, बसमध्ये चार तास काय विचार करते, हे माझं आहे आणि ते सांगायचा हक्क मला आहे. गंमत नाही पण खरं सांगते, आईची ही दोन मिनिटं समोरच्याला जास्त कळतात, कारण समोरचाही कोणाचा तरी बाप असतो.

विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तेच साहेब परत निवडून आले. मधले महिने आचारसंहिता आणि गडबडीत गेले. कुलूपबंद खोली पाहिल्यावर जानेवारीपासून आम्ही पहिल्यांदा माहिती गोळा करायला बसलो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच होतं, जे आम्ही सात महिने उशिरा केलं.

पहिलं, माणूस येतो कुठून. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे आणि त्याच्याखाली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून. त्याचं पथक जिल्हा रुग्णालयात असतं, मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, नर्स असे लोक त्यात अपेक्षित असतात, आणि या कार्यक्रमात शाळांमध्ये जीवनकौशल्यं आणि समुपदेशन हे काम आधीपासून लिहिलेलं आहे. म्हणजे आम्हाला नवीन काहीच मागायचं नव्हतं. जे कागदावर आमचं आहे ते आमच्या गावापर्यंत यावं एवढंच. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, तीनच प्रश्न: पथकातली मंजूर पदं किती आणि भरलेली किती, गेल्या वर्षभरात कोणत्या शाळांना भेटी दिल्या त्याची तालुकावार यादी, आणि पुढच्या भेटींचं वेळापत्रक. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आम्हाला थोडं उशिरा मिळालं पण मिळालं. आमच्या तालुक्याच्या रकान्यात शून्य होतं. काही पदं रिकामी होती, पण सोशल वर्कर होते आणि ते इतर तालुक्यांत जात होते. ते एक पान हातात आल्यावर आमच्या बोलण्याचा सूरच बदलला, आता "काहीतरी करा" म्हणायची गरज राहिली नाही.

दुसरं, आकडे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेलं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. हा आकडा आम्ही एका अधिकाऱ्यांना सांगितला तर ते लगेच म्हणाले, त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हताच. आणि ते बरोबर होते, १२ राज्यांमध्ये झालं होतं ते, आपलं राज्य त्यात नव्हतं. आम्ही गप्प बसलो. तेव्हापासून देशाचा आकडा आम्ही कधी पुढे केला नाही, आपल्या शाळेचं वर्णन केलं: पटसंख्या किती, सकाळी पोट दुखतं डोकं दुखतं म्हणून महिन्याला किती मुलं घरी पाठवावी लागतात. आठवीच्या वर्गशिक्षिका बाईंनी ही नोंद तीन महिने ठेवली, नावं न लिहिता, नुसत्या रेघा मारून. त्या रेघांच्या पानाशी वाद घालायला कोणी आलं नाही.

तिसरं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम तिचं असतं. आम्ही समितीत ठराव मांडला, ठराव मंजूर झाला, मुख्याध्यापक सरांनी सही शिक्का केला. नऊ पालकांचा कागद आता शाळेचा कागद झाला. हे फार साधं वाटतं पण सरकारी टेबलावर पालकांचा अर्ज आणि समितीचा ठराव यात खूप फरक पडतो.

आणि मग २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. कोर्टाने देशभरातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी, शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल, १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, टेली-मानस सारख्या हेल्पलाईनचे नंबर ठळक लावायचे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती. आमच्या शाळेत चारशेच्या वर मुलं. ते वाचलं त्या रात्री मी सगळ्यांना फोन केले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा साहेबांकडे गेलो, आणि या वेळी सगळं उलट केलं. दरबारात नाही गेलो, स्वीय सहायकांना फोन करून वेळ मागितली. तीस नाही, चार जण: मी, रिक्षा चालवणारे एक वडील, समितीचे अध्यक्ष आणि वर्गशिक्षिका. चौघांची चार पक्षांना मतं जात असतील, तो विषय आम्ही आमच्यातही काढत नाही. कागद एकच पान. अकरा मागण्यांच्या जागी एक वाक्य, ते तसंच देते:

"दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी सकाळी ११ ते दुपारी ४ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातील एक समुपदेशक किंवा सोशल वर्कर आमच्या शाळेत यावा, यासाठी आपण जिल्हा शल्य चिकित्सकांना पत्र द्यावे व शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यावी."

त्याखाली निकालाच्या दोन ओळी, माहिती अधिकारातला शून्य, आणि "खोली तयार आहे, आपणच दिली आहे." हे शेवटचं वाक्य खूप विचार करून टाकलं होतं. खोली बंद पडलीय असं लिहिता आलं असतं आणि ते खरंही होतं, पण मग साहेब आपला बचाव करत बसले असते. तयार आहे म्हटल्यावर ते पुढचं बोलले.

भेट बारा मिनिटांची झाली. माझी दोन मिनिटं मी माझ्या सकाळीबद्दल बोलले. रिक्षावाले दादा बोलले त्याने मात्र खोलीत शांतता झाली. ते म्हणाले, "साहेब, मी रोज बारा पोरं शाळेत सोडतो, त्यातल्या दोघांना गेटवर उतरवताना हात धरून उतरवावं लागतं, ती उतरतच नाहीत. एक त्यातलं माझं आहे." साहेबांनी कागद परत हातात घेतला आणि विचारलं, पत्र कोणाला द्यायचं म्हणता? आम्ही पत्राचा मसुदा टाईप करून नेलाच होता. बाहेर आल्यावर सहायक म्हणाले, "ताई, मला हे फोनवर पाठवा, साहेबांच्या लेटरहेडवर आजच काढतो." तिसऱ्या दिवशी पत्र निघालं, जावक क्रमांकासकट.

पालकांना मी एक कळकळीने सांगेन की स्वीय सहायकांना मधला अडथळा समजू नका. साहेबांकडे दिवसाला शंभर कागद येतात, त्यातला कोणता वर राहतो हे त्या टेबलावर ठरतं. आमच्या सहायकांची मुलगी दहावीत होती हे मला चौथ्या फोनला कळलं, त्यांनीच सांगितलं. त्यानंतर आमचा कागद कधी खाली गेला नाही.

पत्र निघालं म्हणून माणूस आला असं झालं नाही. सप्टेंबर पूर्ण गेला. मी एक वही केली, तारीख, कोणाशी बोलले, काय म्हणाले, पुढचा फोन कधी, एवढे चार रकाने. भांडण एकदाही केलं नाही, दर दहा दिवसांनी फक्त जावक क्रमांक सांगून विचारायचं. ऑक्टोबरमध्ये कळलं की पथकाची अडचण गाडीची आणि आधीच ठरलेल्या शिबिरांची आहे, इच्छा नाही असं नव्हतं. तिथल्या सोशल वर्कर बाई फोनवर म्हणाल्या, "मॅडम, मला यायचंय हो, पण तुमच्या एका शाळेसाठी मला पूर्ण दिवस दाखवता येत नाही." ते ऐकून आम्ही आमचीच मागणी बदलली: आसपासच्या तीन शाळा मिळून एक दिवस, जागा आमच्या कक्षात. बाकी दोन शाळांच्या समित्यांचे ठराव आठवड्यात आणले.

दरम्यान शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांनाही तेच पान दिलं. विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या असतात आणि हा विषय शिक्षकांच्या डोक्यावरचं ओझं म्हणूनही खराच आहे, हे आमच्या वर्गशिक्षिका बाईंच्या लक्षात आलं. आमच्या साहेबांना ते आधी आवडलं नाही, सहायकांचा फोन आला, दुसरीकडे कशाला गेलात. मी सरळ सांगितलं की लपवून गेलो नाही, तुमच्या पत्राची प्रत जोडूनच दिलंय, पहिलं नाव तुमचंच आहे. तिथे तो विषय मिटला.

नागपूर अधिवेशनासाठी साहेबांनी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, दिला. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो, "हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत", त्यात आमचा शून्य आणि कोर्टाचा निकाल बसवायला आम्ही सहायकांसोबत एक संध्याकाळ बसलो. प्रश्न सभागृहात चर्चेला आला नाही, वेळ संपली. पण प्रश्न गेला की वरून जिल्ह्याकडे माहिती मागवली जाते, आणि माहिती द्यायची तर काहीतरी केलेलं असावं लागतं. डिसेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी सोशल वर्कर बाई आमच्या शाळेत आल्या. खुर्च्यांवरचं प्लास्टिक आम्ही आदल्या दिवशी काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांना आभाराचं पत्र दिलं. त्यांनी खोलीचा फोटो टाकला, मुलं नसलेला, ते आम्ही आधीच विनंती करून ठेवलं होतं आणि त्यांनी पाळलं. त्याच भेटीत दुसरी मागणी दिली, आताही एकच: जिल्हा वार्षिक योजनेतल्या नाविन्यपूर्ण योजनेतून तालुक्यासाठी एक कंत्राटी समुपदेशक, त्याचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीसमोर मांडावा. ते अजून व्हायचंय. महिन्यातले दोन गुरुवार तीन शाळांना पुरत नाहीत, हे बाई स्वतःच म्हणतात. मधल्या दिवसांसाठी टेली-मानसचा नंबर १४४१६ प्रत्येक वर्गात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, आतल्या बाजूला ही सूचना नववीतल्या एका मुलीची.

पहिल्या दोन गुरुवारी जेमतेम तीन मुलं आली. बाईंनी एक तास कॉरिडॉरमध्ये उभं राहून पाहिलं आणि आम्हाला बोलावून खिडकी दाखवली. काचेतून आत कोण बसलंय ते जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. रिक्षावाल्या दादांच्या घरी शिलाई मशीन आहे, वहिनींनी दोन दिवसांत पडदे शिवून दिले, जाड निळे, भिंतीच्या रंगाचे. पुढच्या गुरुवारी बाई चारला निघाल्या नाहीत, साडेपाच वाजले, दाराबाहेरच्या बाकावर अजून दोघं बसलेले होते.